रुमालाखालचा हात

मुंबईहून परत आल्यापासून शाळेतल्या बायका मला विचारतात, समुद्र पाहिला का, राणीची बाग पाहिली का, साड्या खरंच स्वस्त असतात का. समुद्र पाहिला. राणीची बाग पाहिली नाही. साडी घेतली नाही, उलट नेलेली एक खराब करून आणली. पण मी जे पाहिलं ते सांगायला लागले की त्यांना एकदम वर्गावर जायचं आठवतं. म्हणून लिहून काढते आहे, ज्यांना वाचायचं असेल ते वाचतील. एक आधीच सांगून ठेवते, हे सगळं मी रागात लिहिते आहे. राग निवळेपर्यंत थांबले असते तर हे कधीच लिहून झालं नसतं.

मंठा

माझा धाकटा भाऊ भगवान मंठ्याच्या बैलबाजारात दलाली करतो. वडिलांच्या मागे त्यानंच घर धरलं आणि माझं शिक्षणही त्याच्याच जोरावर झालं. मी जालन्याला मुलींच्या शाळेत शिकवते.

ज्यांनी आमच्याकडचा बैलबाजार पाहिला नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. इथं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघंजण समोरासमोर बसतात, उजवे हात पुढं करतात आणि त्यावर एकजण खांद्यावरचा रुमाल टाकतो. भाव सांगणारा समोरच्याची जितकी बोटं धरेल तितका आकडा. चार धरली की चार, अख्खा पंजा धरला की पाच. आजूबाजूला सगळा बाजार वाकून बघत असला तरी भाव त्या दोन हातांतच राहतो. एकदा रुमाल उचलला की सौदा झाला. दलालाची बोटं म्हणजेच त्याची जबान.

मागच्या पोळ्याच्या आधी एका लालकंधारी जोडीच्या सौद्यात भगवाननं चार बोटं धरली. समोर शेषराव होता, आमचा चुलतभाऊ, दोघं बरोबरच धंद्यात वाढलेले. त्याला तीनच लागली. रुमाल उचलल्यावर भगवान म्हणाला चार, शेषराव म्हणाला तीन. शेषराव भर बाजारात ओरडला, "जबान फिरवून राह्यला का? मला का हात समजत न्हाई?" पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका व्यापाऱ्याबरोबर तसंच झालं. आमच्या घरात आजवर कुणाला लबाड म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, ते त्या दिवसांत ऐकलं.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की भगवानच्या उजव्या अंगठ्याजवळचं मांस आटलंय, तिथं खळगा पडलाय. लबाडीचा विषय तिथंच मिटला आणि त्याहून वाईट सुरू झाला. महारोग! त्यानंतर बाजारात एकानंही त्याच्या रुमालाखाली हात घातला नाही. विहिरीवर त्याच्या बायकोची, सुभद्राची, घागर बायका बाजूला सरकवायला लागल्या. तिच्या माहेरच्या लग्नात भगवानचं पान पंगतीबाहेर, गोठ्याच्या भिंतीला मांडलं. मी माझं पान उचललं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. सगळ्यांनी खाली मान घालून जेवण उरकलं, पण त्याला आत बोलवायला एकही माणूस उठला नाही.

भगवानच्या सासऱ्यांनी भलं करायचं म्हणून डाग देणारा माणूस आणला. त्यानं तापलेल्या सळईनं कोपरापासून मनगटापर्यंत ओळीनं डागलं. भगवानच्या ओरडण्यानं दावणीचे बैल उठून उभे राहिले, असं सुभद्रानं मला सांगितलं. मी त्याच आठवड्यात मंठ्याला गेले आणि त्याला घेऊन निघाले.

जालना

मोटारीत त्याच्या शेजारी बसलेल्या माणसानं हाताकडे पाहिलं आणि तो टपावर जाऊन बसला. भगवान हसला. म्हणाला, "आक्का, बरं झालं, ऐसपैस बसता आलं." मला हसू आलं नाही.

जालन्याच्या डॉक्टरांचं नाव मी लिहीत नाही. लिहिण्याची लायकी नाही म्हणून. ते खुर्चीतून उठले नाहीत. टेबलापलीकडून म्हणाले, "हात वर करा." भगवाननं केला. "उलटा करा." त्यानं उलटा केला. "महारोग. सरकारी दवाखान्यात नाव घाला."

मी शाळेत आरोग्याच्या तासाला मुलींना शिकवते की महारोगात कातडी बधिर होते. म्हणून मी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ह्याला डाग दिले तेव्हा हा ओरडला. बधिर असता तर ओरडला असता का?"

"बाई, डॉक्टर तुम्ही की मी?"

आम्ही बाहेर पडलो तेव्हा त्यांचा माणूस भगवान बसला होता ते बाकडं फिनेलच्या पाण्यानं पुसत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी परत आत जाऊन म्हणाले, "बाकड्याला हात लावायला माणूस ठेवलाय, पेशंटला हात लावायला कोण ठेवलंय?" त्यांनी दार लावून घेतलं.

आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचा भाचा मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टरकी शिकतो. त्यानं कळवलं की घेऊन या, इथं नसांची आणि स्नायूंची तपासणी करणारं नवीन यंत्र आलंय. मी रजा टाकली. सुभद्रानं धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी कुटली, वर लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली. ती निरोपाला जालन्याच्या स्टेशनवर आली तेव्हा भगवाननं तिला डावा हात दाखवला आणि मूठ वळली. "हा बघ, बैलावानी हाये बिलकुल. उजवा गेला तर ह्यानं धंदा करीन." डाव्या हातानं आमच्याकडे सौदा करत नाहीत, अशुभ मानतात. पण त्या डाव्या हातावर त्या दोघांनी सगळं पुढचं आयुष्य मांडून ठेवलं होतं, हे मला तेव्हा दिसलं.

वाटेत

मनमाडला गाडी बदलताना हमालानं ट्रंक आपटली आणि लोणच्याची बरणी फुटली. माझं एकुलतं एक चांगलं पांढरं पातळ लग्नातल्या हळदीसारखं पिवळं झालं. तेच नेसून मला मोठ्या डॉक्टरांपुढं जावं लागलं. धपाट्यांनाही लोणच्याचं तेल लागलं, भगवान म्हणाला की आता ते जास्त चांगले लागतात.

डब्यात जालन्याचंच एक म्हातारं मारवाडी जोडपं होतं, नाशिकला लेकीकडे चाललेलं. तीन पिढ्या जालन्यात काढलेली माणसं, बोलायला आमच्यापेक्षा गोड. म्हातारीनं भगवानला लाडू दिला, तो त्याच्या हातून पडला. तिनं दुसरा दिला आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून पाहिला. "बेटा, जोर न्हाई का हातात?" म्हणाली. तिनं पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि गप्पा मारत मारत नाशिक येईपर्यंत त्याच्या बोटांना तेल चोळत बसली. नवऱ्यानं एकदा डोळ्यांनी खुणावलं, तर त्यालाच म्हणाली, "तुमी खिडकीबाहेर बघा." भगवान मान खाली घालून बसला होता. किती दिवसांनी त्याच्या हाताला परक्या माणसाचा हात लागला होता! आणि त्या लागण्यासाठी आम्हाला आपला मुलूख सोडून यावं लागलं होतं. म्हातारीचे आभार मानतानासुद्धा माझे दात आवळलेले होते.

मुंबई

आम्ही पेशंटांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या एका धर्मशाळेत उतरलो. पाणी मचूळ, भात ढीगभर, भाकरी कुठंच नाही. भगवान पावाकडे बघून म्हणाला, "हे खायचं का उशाला घ्यायचं?" आमच्याकडे नवा माणूस दिसला की कुठले, कुणाचे, काय काम काढलं, सगळं विचारतात आणि मग हात पाहून दूर सरकतात. मुंबईत कुणी विचारत नाही, आणि सरकायला जागा नसल्यामुळं सरकतही नाही. एकाच नळावर सगळ्यांचे तांबे. मला ते गाव त्या नळासाठी आवडलं.

मोठे डॉक्टर माझ्याच वयाचे, पन्नाशीला टेकलेले. त्यांनी आधी भगवानचा हात हातात घेतला. कोपराजवळची नस चाचपली. मग टाचणी काढली, कापसाचा बोळा काढला, भगवानला डोळे मिटायला सांगितले आणि बोटाबोटाला टोचून, फिरवून विचारत गेले. भगवाननं प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं. "हा महारोग नाही," डॉक्टर म्हणाले.

एक टाचणी! एक कापसाचा बोळा! जालन्यात काय टाचण्या मिळत नाहीत? कापूस तर आमच्याकडे गाड्या भरभरून पिकतो. एवढं कुणी करून पाहिलं नाही म्हणून माझ्या भावाचं पान गोठ्याच्या भिंतीला मांडलं गेलं. मी हे सगळं तिथंच मोठ्यानं बोलले. डॉक्टरांनी मला बोलू दिलं, मग शांतपणे म्हणाले, "आणि महारोग असता तरी पान गोठ्यात मांडायचं काय कारण होतं, बाई? त्याला आता गोळ्या आहेत." ते खरं होतं.

मग त्यांनी भगवानला सदरा काढायला लावला आणि नुसते बघत बसले. दंडावर, खांद्यावर कातडीखाली काहीतरी आपोआप फडफडत होतं. भगवान म्हणाला, "बैलाला माशी बसली की कातडी हालती ना साहेब, तसं होऊन राह्यलंय. पण माशी कुठंच न्हाई." डॉक्टरांचा चेहरा तेव्हा बदलला. ते म्हणाले, उद्या यंत्रावर बघू.

यंत्र म्हणजे एक मोठं लोखंडी कपाट. त्याला गोल काच, काचेवर एक हिरवी रेघ, आणि खाली कर्णा. आधी त्यांनी मनगटावर, मग कोपरावर विजेचा झटका दिला. प्रत्येक झटक्याला भगवानचा हात उडायचा, आणि काचेवर रेघ उसळायची. मुख्याध्यापिकाबाईंचा भाचा माझ्या शेजारी उभा राहून समजावत होता की नसेतून वीज किती वेगानं जाते ते बघताहेत, वेग चांगला आहे, महारोगात तो मंदावतो. मला हायसं वाटलं. एवढं कशाला घाबरलो असं वाटलं.

मग सुई. तारेला जोडलेली बारीक सुई त्यांनी उजव्या अंगठ्याजवळच्या खळग्यात खुपसली आणि म्हणाले, "आता हात ढिला सोडा. अगदी काही करू नका." भाचा म्हणाला, निरोगी स्नायू ढिला सोडला की कर्ण्यातून काहीही आवाज येत नाही. आवाज आला. तापल्या खापरात ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतड, तडतड.

"हा हात तर गेलेलाच हाये," भगवान म्हणाला. "डावा बघा साहेब. डावा बैलावानी हाये."

डाव्या हाताला बघायला काही झालेलं नव्हतं. खळगा नाही, मूठ घट्ट. डॉक्टरांनी सुई खुपसली आणि म्हणाले ढिला सोडा. क्षणभर काही नाही. मी देवाचं नाव घेतलं. मग तडतड सुरू झाली. त्यांनी जागा बदलली, तिथंही. पोटरीत खुपसली, तिथंही. नंतर जिभेत सुई घातली तेव्हा मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. आतून आवाज येतच होता. माझ्या भावाच्या त्या धडधाकट हाताला काय होणार आहे हे त्याच्या आधी एका कपाटाला कळलं होतं, याचा मला इतका संताप आला की ते कपाट ढकलून द्यावंसं वाटलं.

डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, पाठीच्या कण्यात ज्या पेशींतून स्नायूंना हुकूम जातात त्या वाळत चालल्या आहेत. आज हात, पुढं पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. बुद्धी शेवटपर्यंत शाबूत. औषध नाही. "तुम्ही फार लवकर आलात. लोक दोन्ही हात गेल्यावर येतात. यंत्रामुळं आपल्याला आधी कळलं."

"आधी कळून काय करायचं?" मी म्हणाले. "हवामानखात्यासारखं नुसतं सांगायचं? औषध नाही तर कशाला खुपसल्या सुया?"

"डाग देऊ नका, रेटून मालिश नको, अंगमेहनत नको. त्यांना जे करायचं असेल ते हात चालतोय तोवर करू द्या. आणि बाई, पेशंटला हे सांगू नका. आम्ही सांगत नसतो."

"का? हात कुणाचा आहे? तुमचा की माझा?"

किती वर्षं, असं विचारलं तर म्हणाले नक्की कुणालाच सांगता येत नाही. आम्ही आत गेलो. भगवान सदरा घालत होता, गुंड्या लागत नव्हत्या. मी लावायला गेले तर त्यानं मला थांबवलं.

"आक्का, मी काही बहिरा न्हाई. डावा बी वाजला." मग डॉक्टरांना म्हणाला, "महारोग न्हाई म्हनला ना तुमी? त्याला गोळ्या हायेत म्हनला. मंग महारोगच द्या की साहेब."

डॉक्टर टेबलावरचा कापूस आवरायला लागले. भगवाननं खांद्यावरचा रुमाल काढला. "तुमाला बोलता येत न्हाई ना? आमच्याकडं बी बोलत न्हाईत. हात द्या. एक बोट म्हंजी एक साल. रुमालाखाली जेवढी बोटं धरसाल तेवढी मी समजून घेतो. कुनाला कळायचं न्हाई."

"नक्की सांगता येत नाही हो," डॉक्टर म्हणाले.

"बैलाचं वय बी नक्की कुनी सांगत न्हाई. दात बघून अंदाज सांगतेत. तुमी सुई बघून सांगा."

डॉक्टर स्टूल ओढून समोर बसले आणि त्यांनी हात पुढं केला. भगवाननं रुमाल टाकला. मी पाहत होते, पण रुमालाखालचं बघणाऱ्याला दिसत नाही, त्यासाठीच तो असतो. कापड जरासं हाललं. भगवाननं मान डोलावली, रुमाल उचलला, झटकला आणि खांद्यावर टाकला. "बराबर," म्हणाला.

संध्याकाळी त्यानं समुद्र बघायला नेलं मला. म्हणजे मी त्याला नेलं, पण तोच पुढं चालत होता. वाळूत उभा राहून म्हणाला, "एवढं पानी, अन् एका बैलाला पिन्याजोगं न्हाई." मी विचारलं, "किती सांगितले त्यांनी?" तो म्हणाला, "रुमालातला आकडा बाहेर सांगत न्हाईत, आक्का." परतीच्या गाडीत विचारलं, मनमाडला विचारलं, जालन्याला उतरताना विचारलं. प्रत्येक वेळी तेच. मी त्याच्यावर चिडले, डॉक्टरांवर चिडले, त्या रुमालावरसुद्धा चिडले.

परत मंठा

मुंबईला मी डॉक्टरांना म्हणाले होते की महारोग नाही असा कागद लिहून द्या, बाजारात दाखवू. भगवान म्हणाला होता, "कागद वाचून कुनी हात देत न्हाई." ते खरं ठरलं. सुभद्रानं सगळ्यांना सांगितलं, मी सांगितलं, लोक हो हो म्हणाले. बाजाराच्या दिवशी भगवान आपल्या जागेवर, कडुलिंबाखाली, रुमाल घेऊन बसला आणि लोक बैलांचे दात बघत त्याला वळसा घालून जात राहिले.

बैलबाजारात आमच्याकडच्या बायका जात नाहीत. मी गेले. शेणातून, शिंगांतून वाट काढत त्याच्यासमोर जाऊन फतकल मारली. "रुमाल टाक," म्हणाले.

"आक्का, लोक बघून राह्यलेत."

"बघू देत की! बघण्याशिवाय येतं काय ह्यांना?"

माणसं जमली, शेषराव पुढंच होता. मी हात पुढं केला. भगवाननं रुमाल टाकला. मी वाकून हळू विचारलं, "किती, ते आता सांग."

त्याची बोटं माझ्या बोटांवर आली. लहानपणी जत्रेत माझा हात घट्ट धरून ठेवणारी बोटं ती, आता कापडासारखी हलकी लागत होती. त्यानं माझं पहिलं बोट धरलं. दुसरं धरलं. तिसऱ्याला त्याचं बोट लागलं. त्यानं ते धरलं की नुसतं टेकलं, मला कळेना. शेषरावाचं त्या दिवशी काय झालं असेल ते मला समजलं, आणि त्या भांडणापुरता तरी माझा त्याच्यावरचा राग गेला.

"समजलं का, आक्का?"

"बराबर समजलं," मी म्हणाले. दोन की तीन, हे मला माहीत नव्हतं.

मी उठले आणि शेषरावाकडे वळले. "हा हात मी धरला, मुंबईच्या डॉक्टरनं धरला, रेल्वेत परक्या बाईनं धरला. तू ह्याच्याबरोबर एका ताटात जेवलास. कोणत्या तोंडानं उभा आहेस?"

शेषरावानं आजूबाजूला पाहिलं. मग धोतराला हात पुसला आणि खाली बसला. "बैल कोन्ता?" एवढंच म्हणाला.

"तो कडंचा तांबडा," भगवान म्हणाला. "पन शेषराव, आधी एक सांगून ठिवतो. आता माझ्या बोटात जोर न्हाई. हिथून पुढं बोट टेकलं तरी धरलं असं समजायचं. मंग भांडन व्हनार न्हाई."

"समजलो," शेषराव म्हणाला, आणि भगवाननं त्या दोघांच्या हातांवर रुमाल टाकला.

टेकलं तरी धरलं. म्हणजे माझं तिसरं बोट त्यानं धरलेलं होतं.

तीन. अवघी तीन वर्षं. आणि त्यातलं एक ह्या लोकांनी त्याला लिंबाखाली एकटं बसवून वाया घालवायची तयारी केली होती. मी बैलांच्या मागं जाऊन उभी राहिले. लिंबाखालून शेषरावाचा आवाज आला, "झाला सौदा," आणि भगवान मोठ्यानं हसला.